गाडी ओरिजिनल आहे म्हणता, पण तिच्यातलं नक्की काय ओरिजिनल आहे?



एक चित्र डोळ्यासमोर आणा. इंग्लंडमधलं एक गॅरेज. आत दोन मिनी कूपर एस शेजारी शेजारी उभ्या आहेत. दोन्ही लाल, दोन्हींचं छप्पर पांढरं, पुढे जादा दिवे, दारावर रॅलीचा नंबर. तुम्ही-आम्ही दोन तास बघत बसलो तरी फरक सांगता येणार नाही. तरी एकीची किंमत दुसरीच्या कित्येक पट.

पत्रा काही सोन्याचा नाही. पहिली गाडी १९६० च्या दशकात कंपनीच्या टीमकडून खरोखर रॅलीत धावली होती. दुसरी एका साध्या मिनीवर पार्ट चढवून तशी तयार केली. म्हणजे गिऱ्हाईक जे जादा पैसे मोजतंय ते लोखंडाचे नाहीत, गाडीच्या इतिहासाचे आहेत. आणि इतिहास डोळ्यांना दिसत नाही, तो सिद्ध करावा लागतो.

जुन्या रॅली कारच्या बाजारात ‘ओरिजिनल’ हा शब्द जेवढा ताणला जातो तेवढा दुसरीकडे क्वचितच. म्हणून धंदा शिकणाऱ्या प्रत्येकानं हा बाजार एकदा बघावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी रिस्टोअर करणं चुकीचं नाही. रिप्लिका बनवून विकणंही चुकीचं नाही. पण ‘ओरिजिनल’ हा एकच शब्द टाकून चार वेगवेगळ्या गोष्टी विकणं ही फसवणूक आहे. मग ती मुद्दाम केलेली असो की आळसापोटी झालेली.

आधी गाडी समजून घ्या

मिनी १९५९ मध्ये बाजारात आली. घरगुती, छोटी, स्वस्त गाडी. १९६४ च्या जानेवारीत पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांनी १०७१ सीसीच्या मिनी कूपर एसमध्ये मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. त्या गाडीचा नंबर ३३ ईजेबी. १९६५ मध्ये टिमो मॅकिनेननं मिनीतूनच पुन्हा ही रॅली जिंकली. १९६६ ला पहिल्या तीन नंबरांवर मिनीच होत्या, पण हेडलाइटच्या नियमावरून तिन्ही बाद ठरवल्या. १९६७ ला राउनो आल्टोनेननं परत जिंकून दाखवलं. ३३ ईजेबी आज गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये आहे.

आता साधी मिनी आणि कूपर एस यात फरक काय? इंजिन १०७१, ९७० किंवा १२७५ सीसीचं. क्रँकशाफ्ट जास्त मजबूत. पुढे मोठे डिस्क ब्रेक. सिलिंडर हेडला नऊऐवजी अकरा ठिकाणी पकड. बऱ्याच गाड्यांना दोन पेट्रोल टाक्या.

यातली प्रत्येक वस्तू विकत मिळते. नवी किंवा जुनी, पण मिळते. इतकंच काय, मिनीची अख्खी बॉडीसुद्धा नवीन मिळते. इंग्लंडमधल्या विटनी गावात ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी त्या बनवते, आणि उघडपणे, नवीन म्हणूनच विकते. त्यामुळे हेडचे बोल्ट मोजून किंवा टाक्या मोजून कोणी सांगत असेल की ‘ही बघा खरी कूपर एस’, तर त्यानं फक्त एवढंच सिद्ध केलं की कोणीतरी पार्ट बरोबर आणले आहेत.

रॅलीची गाडी म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे

दुसऱ्या टोकाचेही लोक असतात. ते म्हणतात, एक जरी पत्रा बदलला असेल तरी गाडी खोटी. हेही मला पटत नाही.

रॅलीत गाडी काय काय सोसते बघा. दगडगोटे, बर्फ, उड्या, झाडाला घासणं. मिनीची रॅली टीम अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात होती. तिथे गाडी म्हणजे कामाचं हत्यार. बॉडी पिळवटली की नवी बॉडी घ्यायची, चांगले पार्ट तिच्यात चढवायचे आणि नंबर प्लेट व कागद तेच ठेवायचे. म्हणजे ज्या काळात ती गाडी जिंकत होती त्याच काळात तिचा पत्रा बदलला जात होता. अशा गाडीकडे ‘पहिल्या दिवसाचा पत्रा दाखवा’ म्हणून हटून बसणं म्हणजे तिचं आयुष्यच न समजणं.

आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो. दगड बदलतात, कळस नवा येतो, शिखराला रंग लागतो. गावात कोणी म्हणत नाही की हे देऊळ आता खोटं झालं. देव तोच, जागा तीच, पूजा खंडली नाही. पण समजा ट्रस्टनं सगळं पाडून आरसीसीत बांधलं आणि वर ‘प्राचीन हेमाडपंती मंदिर’ असा बोर्ड लावला, तर? तिथे जीर्णोद्धार संपला आणि थाप सुरू झाली.

गाडीचंही तसंच. शिवाय इथे एक जादा भानगड असते. टीमनं टाकून दिलेली जुनी बॉडी कोणीतरी उचलतो, वीस-तीस वर्षांनी ती उभी करतो आणि म्हणतो, खरी गाडी माझी. इकडे नंबर प्लेट आणि कागद ज्याच्याकडे, तो म्हणतो, खरी माझी. एक नाव, दोन गाड्या. दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य असतं, आणि घेणाऱ्याचे पैसे मधल्या मध्ये अडकतात.

कोर्टात गेलेली गोष्ट

हा वाद नुसता चहाच्या टपरीवरचा नाही. १९९० मध्ये लंडनच्या हायकोर्टात एक खटला चालला. गाडी रॅलीची नव्हती, शर्यतीची होती, पण प्रश्न हाच. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’. १९२९ आणि १९३० असं सलग दोन वर्षं ला मॉं जिंकलेली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सला तिचा भयंकर अपघात झाला, चालकाचा जीव गेला, आणि गाडी पुन्हा बांधली गेली. पुढे एका कंपनीनं ती १ कोटी पौंडांना घ्यायचं ठरवलं आणि मग माघार घेतली. म्हणणं असं, की ही ती गाडीच नाही, १९२९ चं हिच्यात उरलंय काय?

न्यायमूर्ती ऑटन यांनी विक्रेत्याच्या बाजूनं निकाल दिला. जिंकताना जशी होती तशीच ही मूळ गाडी आहे, असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की भाग बदलत गेले, पण हळूहळू बदलले, गाडी वापरात असताना बदलले, आणि तिची ओळख कुठेच तुटली नाही. म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ आहे.

मूळ आणि अस्सल. कोर्टानं हे दोन शब्द वेगळे धरले. आपल्या बाजारात मात्र दोन्हीसाठी एकच स्टिकर लावतात.

चार प्रश्न वेगवेगळे विचारा

मी ‘ओरिजिनल’ हा शब्द बाजूला ठेवायला सांगतो. त्याऐवजी चार प्रश्न.

पहिला, ओळख. ही गाडी कोण? चेसिस नंबर काय? सुरुवातीच्या ऑस्टिन कूपर एसचा नंबर सी-ए२एस७ नं सुरू होतो, मॉरिसचा के-ए२एस४ नं. साध्या मिनीचा वेगळा. तो नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळतो का?

दुसरा, इतिहास. ती कुठे धावली, कोणी चालवली, मधली वर्षं कोणाकडे होती? इथे जुने फोटो लाखमोलाचे. दिव्यांच्या पट्ट्या कुठे होत्या, डॅशबोर्डवर कोणतं घड्याळ कुठे होतं, बॉडीला भोकं कुठे पाडली होती, हे फोटोत दिसतं आणि समोरच्या गाडीशी ताडून बघता येतं. यात मुंबईचाही एक धागा आहे. १९६८ ची लंडन-सिडनी मॅरेथॉन मुंबईवरून गेली. गाड्या इथल्या बंदरात ‘चुसान’ जहाजावर चढल्या आणि ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरल्या. त्या दिवसाचा एखादा फोटो मुंबईतल्या कुणाच्या घरच्या अल्बममध्ये असेल, तर तो आज कुठल्यातरी गाडीचा साक्षीदार ठरू शकतो.

तिसरा, माल. आज समोर उभा असलेला पत्रा कोणत्या सालचा? इंजिन तेच की दुसरं? गिअरबॉक्स? प्रत्येकाचं वेगळं उत्तर हवं.

चौथा, काम. रिस्टोअर कोणी केलं, कधी केलं, काय काढलं, काय घातलं? कामाआधीचे फोटो आहेत का? बिलं आहेत का?

चारही उत्तरं ‘हो, सगळं ओरिजिनल’ अशी आली तर सावध व्हा. रॅलीत झिजलेल्या गाडीची चारही उत्तरं इतकी गोड सहसा नसतात.

कुठला कागद काय सांगतो

नवीन माणूस इथेच फसतो. कागद दिसला की त्याचा जीव भांड्यात पडतो. पण प्रत्येक कागदाचं काम वेगळं असतं.

गेडनच्या म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून ते सांगतं की या नंबरची गाडी कधी बांधली, कोणत्या रंगाची होती, कुठे पाठवली. उत्तम कागद. पण हा दाखला त्या नंबरचा आहे. तो नंबर समोरच्या पत्र्यावर कसा आला, हे तो सांगत नाही.

एफआयएचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट असतो. त्याचा अर्थ, गाडी त्या काळच्या तांत्रिक नियमांत बसते आणि हिस्टॉरिक स्पर्धेत उतरू शकते. मागच्या वर्षी जोडलेली गाडीसुद्धा १९६५ च्या नियमांनुसार काटेकोर बांधली असेल तर तिला तो मिळू शकतो. तो इतिहासाचा दाखला नाही.

फिवा ही जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ओळखपत्र देते. त्यात मूळ स्थितीतली, जपून वापरलेली, रिस्टोअर केलेली आणि पुन्हा बांधलेली अशा वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि रिप्लिकाचा प्रकार अजून वेगळा. मला ही पद्धत आवडते, कारण यात कोणालाच चोर ठरवलेलं नाही. प्रत्येकाला आपापली जागा दिली आहे.

आपल्याकडचा नियम बघा. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ स्वरूपात असलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली. अशा गाडीला नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. आता अ‍ॅबिंग्डनमध्येच बॉडी बदललेली एखादी मिनी या नियमासमोर उभी करा. लंडनच्या कोर्टाच्या तर्कानं ती अस्सल ठरू शकते, आपल्या आरटीओच्या टेबलावर मात्र पेच पडेल. म्हणून कोणी ‘ओरिजिनल’ म्हणालं की लगेच विचारा: कोणाच्या हिशोबानं?

चकाचक म्हणजे चांगलं, असं नाही

रिस्टोरेशनच्या धंद्यात उतरायचं असेल तर हे डोक्यात पक्कं करा. जुन्या रंगाचे थर, जुनं वेल्डिंग, बुजवलेली भोकं, हातानं लिहिलेला एखादा नंबर, हे सगळे पुरावे आहेत. डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं सगळं खरवडून आरशासारखं केलं की गाडी सुंदर दिसते आणि मुकी होते. मग ती खरी असली तरी सिद्ध कशी करणार?

म्हणून रंगाला हात लावायच्या आधी फोटो काढा, शंभर काढा. काढलेला प्रत्येक पार्ट लेबल लावून ठेवा, गंजलेला असला तरी. तो गाडीसोबत पुढच्या मालकाला द्या. मी घेणारा असतो तर फोटो नसलेल्या चकाचक गाडीपेक्षा कागद असलेली ओबडधोबड गाडी घेतली असती.

रिप्लिकाला एवढं घाबरता कशाला?

फोर्ड एस्कॉर्ट घ्या. १९७० ची लंडन-मेक्सिको रॅली हान्नू मिक्कोला आणि गुन्नार पाम यांनी एस्कॉर्टमध्ये जिंकली. त्यानंतर साध्या दोन दारांच्या एस्कॉर्टची रॅली एस्कॉर्ट करणं हा इंग्लंडमध्ये एक मोठा उद्योगच झाला. त्यातले बहुतेक लोक प्रामाणिक आहेत. ‘रिप्लिका आहे, रविवारी दामटायला बनवलीय’ असं तोंडावर सांगतात.

याहून पुढची गोष्ट. बोरहॅम मोटरवर्क्स या कंपनीनं २०२४ मध्ये फोर्डच्या परवानगीनं पहिल्या पिढीची एस्कॉर्ट आरएस नव्यानं बांधायचं जाहीर केलं. गाड्या फक्त १५०. सुरुवातीची किंमत २,९५,००० पौंड, म्हणजे आपले तीन कोटींच्या वर. आणि ती जुनी आहे असं कोणी भासवत नाही. नवीन आहे, हेच तिचं नाव आणि हाच तिचा भाव.

म्हणजे नव्यानं बनवलेल्या मालाला गिऱ्हाईक नसतं हे खरं नाही. पण नव्याला नवं म्हणायची हिंमत लागते.

माझ्या काउंटरवर झालेलं

हे मी नुसतं पुस्तकी बोलत नाही. माझं दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. सुरुवातीच्या वर्षांत एक काका वडिलांची जुनी चेतक उभी करत होते. त्यांना कार्बोरेटर हवा होता आणि कंपनीचाच हवा होता. होलसेलरनं मला सांगितलं ‘ओरिजिनल’, मी काकांना सांगितलं ‘ओरिजिनल’. बॉक्स कंपनीचा, आतला माल लोकल. मी उघडून नीट बघितलंही नव्हतं.

पंधरा दिवसांनी काका आले. भांडले नाहीत. बॉक्स काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, “बाळा, लोकल आहे सांगितलं असतंस तरी मी घेतला असता.” पैसे मी परत केले. ते पुन्हा दुकानात आले नाहीत.

त्यांचं ते वाक्य मला आजही टोचतं. गरज नसताना मी खोटं बोललो होतो, आणि तेही दुसऱ्याच्या शब्दावर. तेव्हापासून माझ्या बिलावर ‘ओरिजिनल’ हा शब्द नाही. कंपनीचा, दुसऱ्या ब्रँडचा, वापरलेला, रिपेअर केलेला, यातलं जे असेल ते लिहितो. जे मला स्वतःला माहीत नाही, तिथे ‘सप्लायरच्या सांगण्यानुसार’ असं लिहितो.

“सर, एवढं खरं सांगितलं तर भाव पडेल”

हो, पडेल. गोड बोलून मी तुम्हाला फसवणार नाही. ‘बॉडी बदललेली आहे, १९६९ ते १९७७ चे कागद सापडले नाहीत’ असं जाहिरातीत लिहिलं तर काही गिऱ्हाईकं फोनच करणार नाहीत. शेजारचा माणूस तशीच गाडी ‘शंभर टक्के ओरिजिनल’ म्हणून जास्त भावात काढेल, आणि त्या महिन्यात तो तुमच्यापेक्षा जास्त कमावेल.

पण हिशोब पूर्ण मांडा. अशा गाडीत घेणाऱ्याची आयुष्यभराची बचत अडकलेली असते. तो ती पुढे विकायला जाईल तेव्हा कोणीतरी जाणकार खाली वाकून वेल्डिंग बघणार. त्या दिवशी तुमचं नाव निघणार. बेंटलीच्या खटल्यात विकणारा जिंकला, पण जिंकायला हायकोर्टापर्यंत जावं लागलं. तुमच्या-माझ्या धंद्याला एवढा दम आहे का?

आणि लपवायला गेलेली रिकामी जागा जास्त महाग पडते. ‘मधल्या आठ वर्षांची माहिती नाही’ असं तुम्हीच लिहिलंत तर ती एक नोंद असते. गिऱ्हाईकानं शोधून काढली तर तो तुमच्यावरचा आरोप असतो, आणि मग तो तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

आज कोल्हापूर, पुणे, नाशिककडे कितीतरी पोरं जुन्या आरएक्स १००, येझदी, चेतक रिस्टोअर करून विकायचा विचार करतायत. चांगला धंदा आहे, हाताला कला लागते. त्यांना माझं एवढंच सांगणं, की पहिल्या गाडीपासून फाइल बनवा. आरसी बुक, चेसिस आणि इंजिन नंबरचे फोटो, कामाआधीचे फोटो, बदललेल्या पार्टची यादी, बिलं, आणि एका पानावर ‘आम्हाला काय माहीत नाही’. गाडीच्या किल्लीसोबत ती फाइल द्या.

आजचं काम: तुमच्या दुकानातली किंवा डोक्यातल्या धंद्यातली एक वस्तू घ्या, जिला तुम्ही सवयीनं ‘ओरिजिनल’, ‘शुद्ध’, ‘घरगुती’ किंवा ‘हातमाग’ म्हणता. ओळख, इतिहास, माल आणि काम असे चार रकाने पाडा आणि प्रामाणिकपणे भरा. एखादा रकाना रिकामा राहिला तर आज संध्याकाळीच सप्लायरला फोन लावा. मी तेव्हा लावला नव्हता.

भेटू पुढच्या व्हिडिओत.